पाठीला पाठ

कोरियाच्या लढाईत मी दक्षिणेच्या फौजेच्या हमाल पलटणीत होतो. बंदूक नाही, गणवेश नाही. पाठीवरच्या लाकडी चौकटीवर तोफगोळे घेऊन डोंगर चढायचा आणि जखमी शिपाई लादून उतरायचा. एकदा वर एवढा धूर झाला की स्वतःचा हात दिसेना. मी उकिडवा बसून ओरडलो, "जिवंत असेल त्यानं चौकटीवर बसावं!" कोणीतरी सरपटत आला आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसला.

"झोपू नकोस लेका, झोपलास की मेलास. गाव कुठलं?"

"हामहुंग."

"आयला, मीही तिथलाच!"

"बोलीवरून ओळखलंच मी, काका."

म्हणजे उत्तरेतून माझ्यासारखाच दक्षिणेत पळून आलेला दिसत होता. गावात थंड शेवया कुणाकडच्या चांगल्या, यावर आम्ही खालपर्यंत भांडलो. पठ्ठ्याचं रक्त गळत होतं, पण हार मानेना.

दवाखान्याच्या तंबूपाशी चौकट टेकवली आणि वळलो. त्याच्या अंगावर उत्तरेच्या फौजेचा गणवेश होता.

तो तंबूवरच्या दक्षिणेच्या झेंड्याकडे बघत होता, पांढराफटक पडून. मग माझी बाही धरून कुजबुजला, "पळा काका, पळा! तुम्ही वाट चुकलात, ही शत्रूची छावणी आहे!"