नेऱ्याचं निर्ढावलेलं रानडुक्कर

"घ्या ही तुमची काठी," म्हणत तुळशीरामबाबांनी रायफल काउंटरवर ठेवली. "गुरं हाकायला बरी हाय."

कमळाकरने चष्मा काढून पुसला. पनवेलच्या बाजारातलं हे बंदुकांचं दुकान त्याच्या वडिलांनी थाटलेलं आणि त्याने राखलेलं. रायफल त्यानेच विकली होती. ती परत यायची ही तिसरी खेप.

"पुन्हा चुकली?"

"शेट, चुकायला पयलं नेम लागतो. हिचा नेम म्हंजे पुढाऱ्याचा शब्द. मी बघतो वालाकडं, ही बघते माथेरानकडं."

नेऱ्याला बाबांचं वालाचं शेत होतं. रानडुकरं रातोरात वाल उकरून टाकत. म्हणून बाबांनी रीतसर परवाना काढला होता आणि रोज दिवस कलायच्या सुमाराला ते मचाणावर बसत. आणि रोज चुकत. ही कीर्ती एव्हाना विचुंब्यापर्यंत पोचली होती. तिथला एक बांधकामवाला बंदूक बघायला येणार होता, तो फिरकलाच नाही. "कमळाकरची बंदूक? डुकरं पाळायची असतील तर घ्या," असं टपरीवर कोणीसं म्हणताना खुद्द कमळाकरने ऐकलं होतं. दुकानावर अजून वडिलांच्या नावाची पाटी होती. हल्ली तिच्याखालून जाताना त्याची मान आपोआप खाली जायची.

गंमत म्हणजे रायफलीत खोट सापडत नव्हती. दोनदा सगळी उघडली, नळी साफ केली, दस्ता आवळला, काडतुसं बदलली. रायफल सरळ ती सरळच. आणि खोट सापडली नाही की कमळाकरला घास गिळवत नसे.

"बाबा, रागावू नका. डोळे तपासलेत?"

बाहेर घरघर झाली. बाबांनी दारातून आभाळाकडे बोट केलं. "ते इमान बघा. चाकं मोजून सांगू?"

विमान खरोखरच चाललं होतं. कमळाकर वरमला.

"बरं, ते डुक्कर करतं काय?"

"एकच हाय. येतो चहाच्या वक्ताला, रोज. मातकट रंगाचा. नाल्याच्या बांधावरनं, वाकून, सरळ माज्याच अंगावर. बार काढला की मटकन खाली बसतो. मंग उठून जांभळीआड जातो. रगात नाय, काय नाय."

"खाली बसतो? पळत नाही?"

"कशाला पळंल? हिची लायकी त्याला बी कळली हाय."

बार ऐकून खाली बसणारं रानडुक्कर कमळाकरने जन्मात ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून, बाबांची रायफल आणि पिशवीत तिच्यावर बसवायची दुर्बीण घेऊन तो नेऱ्याला गेला.

अंगणात बाबांची बायको चंद्रावती शेंगा सोलत होती. थंडी म्हणून अंगात मुलाचं, हरेशचं, जुनं खाकी जाकीट. उठताना तिने कमरेवर हात ठेवला.

"आलात शेट? बरं झालं. एकदाचा तो डुक्कर पडू द्या, म्हंजे मी सुटले. चार वरसं निस्ता आवाज ऐकते. डुक्कर मला एक दिस दिसला नाय."

"एकदाही नाही?"

"कुठं बघू? बार झाला की हातापायातलं पानीच पळतं माज्या. अर्धा चहा सांडतो. आन वर हे इचारतात, चहा अर्धाच का म्हून!"

"भित्री हाय," ओसरीवरून बाबा म्हणाले.

"मंग तुमी करा चहा! शेट, तुमाला साखर किती?"

"कमी," कमळाकर म्हणाला, आणि मचाणाकडे निघाला.

वर बसून त्याने दुर्बीण चढवली. "आता बंदुकीला बी चष्मा!" बाबा हसले. कमळाकरने कुंपणावरच्या करवंटीवर नेम धरला. करवंटीचे तुकडे झाले. शेजारच्या दुसरीचेही झाले. बाबांचं तोंड उघडंच राहिलं. कमळाकरच्या छातीवरचा धोंडा अर्धा उतरला. रायफल खरी होती. आता उरलं ते डुक्कर. ते पडलं, की पाटीखालून ताठ मानेने जाता येणार होतं.

"पयला बार तुमचा," बाबा कुजबुजले. "तुमची बंदूक, तुमची अब्रू."

ऊन कललं. डोंगराची सावली वालावर सरकत आली. नाल्याकडचं गवत हललं.

"आला."

कमळाकरने मान उंचावली. बांधावरून खरंच काहीतरी येत होतं. मातकट, वाकलेलं, जराही घाई न करता. बंदुकीची नाही, जणू कोणाचीच पत्रास नसल्यासारखं. ह्या प्राण्याने वडिलांचं नाव टपरीवर नेऊन ठेवलं होतं. कमळाकरने दस्ता खांद्याला भिडवला आणि चापावर बोट ठेवलं. दुर्बिणीत नुसता धूसर गोळा दिसत होता. श्वास रोखून त्याने दुसऱ्या हाताने दुर्बिणीची कडी फिरवली.

"मारा शेट," बाबांचा गरम श्वास कानाला लागला. "खाली बसायच्या आत मारा!"

चित्र स्वच्छ झालं. रानडुक्कर थांबलं, त्याने दम खाल्ला, आणि किटली ह्या हातातून त्या हातात घेतली.