नव्या कार्डाला कुंकू

दुकानातून आलेल्या बिभीषणने संगणकाचा पत्रा काढला, तशा मनकर्णाबाई पाट ओढून अगदी त्याच्या कोपराशी येऊन बसल्या. सोमवार होता. सोमवारी दिवेलागणीपर्यंत त्या बोलत नसत.

"वहिनी, सासूबाई राखणीला बसल्यात," बिभीषण हसला. "आमी काय स्क्रू चोरून नेतो व्हय?"

"त्यांचं मौन आहे. तुम्ही काम करा," अश्विनी म्हणाली.

तिचा जीव कामात अडकला होता. हा तयार घेतलेला संगणक लग्नाचा व्हिडिओ जोडायला घेतला की धाप लागल्यासारखा बंद पडायचा. उद्या शिर्डीच्या पार्टीला लग्नाचं काम पूर्ण करून द्यायचं होतं. नाही दिलं, तर त्यांची पुढची सगळी कामं दुसऱ्या स्टुडिओकडे जाणार होती.

"ह्या तयार डब्यात पॉवर सप्लाय लई बारका देत्यात. व्हिडिओसाठी नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचं, त्याचा भार ह्याला झेपायचा न्हाई. म्हणून दोन्ही बदलायचं," बिभीषण म्हणाला.

पॉवर सप्लायचं सील त्याने समोरच कापलं. ग्राफिक्स कार्डाचं खोकं मात्र आधीच उघडलेलं होतं. मनकर्णाबाईंनी त्यावर बोट ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"दुकानात चेक केलं, काकू. कालच आलाय माल. करकरीत नवा."

त्या उठल्या. देवघरातून करंडा घेऊन आल्या. घरात आलेली वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरायची नाही, हा त्यांचा नेम. पॉवर सप्लायला त्यांनी बोट टेकवलं. बिभीषणने तो बसवला, वायरी जोडल्या. मग त्यांनी कार्डासाठी हात पुढे केला.

"ह्याला नको, काकू. नाजूक असतंय."

हात तसाच राहिला. शेवटी त्याने कार्ड दिलं.

त्यांनी ते खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. पंख्याच्या कडेला, खाचेत, वाळून काळपट झालेला कुंकवाचा ठिपका होता. पात्याखाली झेंडूची पाकळी अडकलेली, पापुद्र्यासारखी सुकलेली. दसऱ्याला त्यांनीही घरच्या संगणकावर असंच कुंकू, असाच झेंडू वाहिला होता.

पाकळी चिमटीत धरून त्यांनी सुनेच्या तळव्यावर ठेवली.

अश्विनीने ती बिभीषणपुढे धरली. "माल काल आला म्हणालात ना? मग दसरा कोणाच्या घरी केला ह्याने?"

बिभीषण स्क्रू गोळा करू लागला. "शेठनी दिलं ते आणलं, वहिनी. दुसरं यायला चार दिवस जात्याल. आता हेच बसवू, उद्याचं तरी निभंल."

अश्विनीने काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे.

मनकर्णाबाईंनी कार्ड खोक्यात ठेवलं, झाकण लावलं. आधी हळद, मग कुंकू घेऊन झाकणावर टेकवलं, घरी जायला निघालेल्या सवाष्णीला लावावं तसं. मग खोकं दोन्ही हातांनी बिभीषणच्या ओंजळीत दिलं आणि दाराची कडी काढली.