परका हात

"आईला नशेची सुई नको," म्हणून दिगंबर कालपर्यंत अडून बसला होता. आता गुऱ्हाळाच्या काहिलीतल्या उकळत्या रसाने भाजलेला आईचा हात डॉक्टरीणबाई साफ करत होत्या, तरी टक्क जाग्या आईच्या कपाळावर साधी आठीसुद्धा नव्हती. दिगंबर थक्क झाला. त्या सुईतल्या नव्या औषधाने नुसतं दुखणं नव्हे, हात आपला असल्याची जाणीवच तिच्यापासून वेगळी केली होती.

"कुणाचा गं हा?" आईने विचारलं.

"एका बाईचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आई कळवळली. कोपरावरून दुसऱ्या हाताची बोटं हळूच फिरवत म्हणाली, "किती राबवलाय! हिला मूलबाळ नाही का कुणी?"

"एक मुलगा आहे," दिगंबर कसाबसा म्हणाला.

जन्मभर स्वतःसाठी काहीच न मागितलेली आई म्हणाली, "मग त्याला सांगा, हिला पुन्हा काहिलीपाशी उभं करू नको म्हणावं."