एकदाच उघडणारा पासवर्ड

"साहेब, तुम्ही पासवर्ड नुसता बघायला उघडलात?" शलाका म्हेत्रेचा आवाज धरणाच्या नियंत्रण कक्षाबाहेर गेला.

"अहो मॅडम, उघडतोय का ते बघत होतो," ढवळीकर साहेब चहा फुंकत म्हणाले. "लगेच बंद केला. आता दुसरा पाठवा, दुपारी धरणाचे दरवाजे उघडायचेत."

शलाकाच्या अंगाचा तिळपापड झाला. पासवर्ड बाहेरच्या कंपनीकडे नकोत, आपलं घरचंच साधन हवं, असा हट्ट याच साहेबांनी धरला होता. घरचं साधन म्हणजे शलाकाचं डोकं. डोक्यावर तारांची टोपी चढवून प्रत्येक पासवर्ड तिच्या एकेका आठवणीत कुलूपबंद केला होता. समोरच्याने तो एकदा उघडला की पासवर्ड पुसला जाई, आणि त्याच्यासोबत तिची ती आठवणही.

तिने नोंदवही ओढली. आज खर्ची पडलेल्या ओळीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आईबरोबरची शेवटची दिवाळी'. तिने डोळे मिटून खूप शोधलं. आधीच्या सगळ्या दिवाळ्या होत्या, ती एक नव्हती.

"एवढं काय होतं हो त्यात?" साहेबांनी विचारलं.

तेच तिला सांगता येईना, म्हणून ती आणखी पेटली. डोक्यावरची तारांची टोपी काढून तिने साहेबांच्या पुढ्यात आपटली.

"दुसरा पासवर्ड तुमच्या डोक्यातून. मुलीच्या लग्नाची आठवण द्या, चालेल. आणि साहेब, उघडतोय का ते आधी मीही एकदा नुसतं बघणार आहे."