तळ्याकाठचा माणूस

“काका, हे चित्र कधीचं?”

बागेच्या कुंपणाला टांगलेल्या निसर्गचित्रांपैकी एकापाशी ती थांबली होती. त्यात तळं होतं, करंजाचं झाड होतं आणि काठावर पिवळ्या शर्टातला पाठमोरा माणूस.

“वसुबारसेच्या संध्याकाळचं,” चित्रकार हसला. “तासभर हलला नाही पठ्ठ्या. असं मॉडेल फुकट कुठं मिळतं? उजेड गेला, तसा मी सामान आवरून निघालो.”

“माझा नवरा आहे तो. त्याच रात्री तळ्यातून काढला. पाय घसरला, चपलासुद्धा गाळात गेल्या, असं सगळे म्हणाले. मुलीला मी तेच सांगितलंय.”

त्याचं हसू मावळलं. ती चित्रावर वाकली.

“हे त्याच्या बाजूला काय आहे?”

गवतात शेजारी शेजारी दोन तपकिरी ठिपके होते. काढून नीट जुळवून ठेवलेल्या चपला. रंगवताना चित्रकाराला फक्त त्यांचा रंग आवडला होता.

“दगड आहेत, ताई.”

तिने ठिपक्यांवरच्या बारीक रेघांवरून बोट फिरवलं.

“निळे पट्टे,” ती म्हणाली. “मीच बसवून आणले होते, आदल्या दिवशी.”