नापास क्यूब

क्यूबला तडा गेला, मशीनचा काटा वेळेआधीच थांबला आणि केयूरला आनंद झाला. पाठोपाठ लाजही वाटली.

काँक्रीटचा तो ठोकळा चांदीपच्या साईटवरून त्याच्याकडे ताकद तपासायला आलेला. क्यूब फेल गेला, की साईटच्या इंजिनिअरने वसईच्या या लॅबमध्ये येऊन समोर फेरतपासणी करून घ्यायची, असा नियम. आणि चांदीपची इंजिनिअर होती अश्लेषा.

क्यूब तपासणीसाठी तयार करण्यात केयूरचा हात धरणारा कुणी नव्हता. टाकीतून काढायचा, पुसायचा, कडा दगडाने घासायच्या, मग बाळाला निजवावं तसा मशीनच्या मधोमध ठेवायचा. बिल्डरांची माणसं गोड बोलायला येत आणि नुसता चहा पिऊन परत जात.

अश्लेषा आली. इतर इंजिनिअर फेल म्हटलं की भांडत. ही कधीच भांडली नाही. स्टुलावर बसून त्याचे घासणारे हात बघत राहिली. गिरीजच्या त्याच्या वाडीत यंदा केळी कशी आहेत, ते विचारलं. त्याच्या आईने वाळवलेली सुकेळी मिटक्या मारत खाल्ली.

"मॅडम, पाणी जास्त पडतंय. त्यानेच क्यूब कच्चा राहतो," केयूर म्हणाला. बोलायचं होतं भलतंच.

"पाण्यानेच ना?" तिने नीट विचारून घेतलं. "आणि मॅडम काय हो सारखं?"

ती गेल्यावर त्याला उत्तरं सुचली, चांगली चार.

पुढच्या खेपेला टेम्पोवाल्या ज्युडने क्यूब उतरवले. "हा एक मॅडमने सोता भरलाय. कोनाला हात लावू दिला नाय."

"शेठ काय म्हणतात?"

"तापलाय. अजून एक फेल गेला, तर मॅडमचं काय खरं नाय."

केयूरचा जीव कासावीस झाला. स्वतःच्या हाताने भरलेलाही फेल गेला, तर बिचारीने करायचं काय?

त्या दिवशी त्याने आयुष्यात केली नव्हती ती गोष्ट केली. लॅबच्या टाकीत त्याने भरलेला एक दणकट क्यूब होता. त्यावर त्याने पिवळ्या रंगात अश्लेषाच्या वळणाने नंबर काढला आणि तो मशीनवर चढवला. तिचा क्यूब फेकून द्यायला हात धजेना. तो कपाटात ठेवला.

रिपोर्ट पास. पुढच्या खेपेला तेच केलं, त्यापुढेही तेच.

अश्लेषाची नोकरी वाचली आणि तिचं येणं थांबलं. बाहेर स्कूटी वाजली की केयूरचा हात थांबायचा. स्टूल त्याने कुणाला बसायला दिलं नाही. तिची इतकी आठवण येई, की जेवण गोड लागेना. एक तरी क्यूब फेल करावा, असं सारखं मनात येई. मग तिचा शेठ आठवे.

"सुकेळी परत का येतात रे हल्ली?" आईने विचारलं.

एका दुपारी ती दारात उभी राहिली. हातात हेल्मेट, चेहरा रडवेला.

"मॅडम, तुमचं सगळं पास आहे," केयूर चाचरत म्हणाला.

"म्हणूनच आले." तिने स्टूल ओढलं, कपाळावरचा घाम पुसला आणि हळूच विचारलं, "केयूर, माझ्या क्यूबच्या घमेल्यात तीन-तीन मग पाणी ओतून झालं. आता आणखी किती घालू?"