सगळी हत्यारं घरचीच

गॅरेजातून घंटी वाजली. म्हणजे शार्दूलला चहा हवा होता.

देवयानीने इस्त्री बाजूला ठेवली आणि उद्याच्या ड्यूटीचा निळा ट्यूनिक खुर्चीच्या पाठीवर टाकला. हॉस्पिटलच्या लॅबमधला उद्या तिचा पहिला दिवस. परक्या देशात दोन वर्षं परीक्षा, कागदपत्रं आणि नकाराच्या ईमेल्सशी झटून मिळवलेली नोकरी. शिफ्ट मात्र अशी, की त्यांच्या रस्त्यावर पहिली बस यायच्या आधीच सुरू व्हायची. उरली सायकल, आणि ती गेला महिनाभर नवऱ्याच्या ताब्यात होती.

सायकलचं दुखणं ते काय, तर पेडल मारताना कटकट वाजायची. ती दुकानातच नेणार होती. पण शार्दूल मध्ये पडला. "दुकानवाले नुसते पार्ट बदलतात गं. मी करतो घरी. एक-दोन टूल्स लागतील फक्त." ती टूल्स विकत आणेल तर तो शार्दूल कसला! प्रत्येक हत्यार स्वतः बनवायचं, आणि ते बनवायला आधी दुसरं हत्यार बनवायचं, अशी त्याची तपश्चर्या चालू होती. देवयानीने केव्हाच हात टेकले होते.

ती चहा घेऊन गॅरेजात आली. शार्दूलचा चेहरा नुसता फुलला होता.

"ये ये, बघ तरी! चाक सरळ करायचा स्टँड. बाजारात काय किंमत आहे माहितीये?"

"सायकल झाली?"

"आणि हे बघ, मागचं दातेरी चक्र सोडवायला. फळीला चेनचा तुकडा ठोकला, झालं काम. हा स्पोकचा हुक, चेन जोडताना दोन्ही टोकं धरून ठेवतो. पान्यांना ट्यूबची ग्रिप. अगं, एक पेनीसुद्धा खर्च नाही. सगळं घरातलंच."

"शार्दूल, सायकल झाली का?"

"होईल गं. आता काही टेन्शन नाही." त्याने चहाचा घोट घेतला. "आज सगळी टूल्स कम्प्लीट झाली. उद्यापासून दुरुस्ती चालू."

देवयानीच्या अंगाचा तिळपापड झाला. उद्यापासून! उद्या उजाडायच्या आत तिला निघायचं होतं. ती कोपऱ्यात गेली आणि सायकलवरची जुनी चादर तिने खसकन ओढली.

चादरीखाली निळा सांगाडा होता. एक पेडल लोंबत होतं. बाकी काही नव्हतं.

तिने वळून हत्यारं टांगलेल्या भिंतीकडे पाहिलं. चाक सरळ करायचा तो स्टँड म्हणजे तिच्या सायकलचा, पुढचं चाक धरणारा चिमटा होता. फळीला ठोकलेली चेन तिची होती, हुकाचा स्पोक तिचा होता. पान्यांवर गुंडाळलेल्या ट्यूबला तिनेच लावलेलं पंक्चरचं ठिगळ अजून तसंच होतं. बास्केटमध्ये तेलकट फडकी कोंबली होती. शार्दूल ज्या स्टुलावर बसला होता, त्याला तिची सीट होती. आणि टेबलाच्या कडेला, करवतीने कापलेल्या हँडलच्या तुकड्यावर, तिची पितळी घंटी बसवलेली होती. महिनाभर ती या घंटीच्या आवाजासरशी चहा ठेवून कप दारातूनच देत आली होती.

ही सायकल तिने समोरच्या आजीबाईंकडून घेतली होती. भाव स्वतः केला होता, घरी चालवत स्वतः आणली होती. या देशात तिने एकटीने घेतलेली ती पहिली वस्तू. तिला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि त्याचाही तिला संताप आला.

"हँडल कापलंस?"

"अगं, तसंही मी तुला त्याहून भारी..."

"सरक."

दाराशी शार्दूलची काळी सायकल टेकून उभी होती. तो रोज तिच्यावरून स्टेशन गाठायचा आणि दर रविवारी तिला मऊ फडक्याने पुसायचा. देवयानीने भिंतीवरून एक पाना काढला आणि तिच्या सीटचा बोल्ट सैल करायला घेतला.

"ए, जपून! ती कार्बनची आहे. जास्त आवळलं तर..."

पाना बोल्टला नेमका बसला. ट्यूबची ग्रिप हातात छान बसत होती. एवढं म्हणायलाच हवं, हत्यार त्याने झकास बनवलं होतं. तिने सीट आपल्या उंचीला आणली आणि बोल्ट गच्च आवळला. मग टेबलावरची घंटी सोडवून काळ्या हँडलवर बसवली. शार्दूल कप हातात धरून नुसता बघत राहिला.

ती सायकल बाहेर घेऊन गेली तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"अगं, पण मग उद्या मी स्टेशनला कसा जाऊ?"

"सायकलने." देवयानीने कोपऱ्यातल्या निळ्या सांगाड्याकडे बोट केलं. "टूल्स कम्प्लीट आहेत ना?"

ती सीटवर बसली. पेडल मारून पाहिलं. कुठेही कटकट वाजली नाही. रस्त्याच्या वळणावर पोचल्यावर तिने घंटी वाजवली, गरज नव्हती तरी, चांगली दोनदा.